काकांची कॅलेंडरं रद्दीत जाण्याआधी

आलेलं पत्र, थोडं आवरून:

"माझे पप्पा आणि काका ४१ वर्षांचे मित्र. दोघंही नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये, बरीच वर्षं एकाच पाळीला. काका आमचे नात्याने कुणी नाहीत, पण मला सायकल त्यांनी शिकवली, बारावीचं गणितही त्यांनीच करून घेतलं. आषाढात ते अचानक गेले. दोन दिवस आधी त्यांचा मिस्ड कॉल आला होता. रविवारी भेटणारच आहोत म्हणून मी उलट फोन केला नाही. तेराव्याला त्यांच्याकडच्या एका बाईंनी 'तुम्ही यांच्या कोण?' विचारलं, मला उत्तर सुचलं नाही. काकू आता एकट्या आहेत. त्यांचा मुलगा, बंगळुरूचा दादा, दिवाळीआधी घर आवरणार आहे. काकांचा फोन फॉरमॅट करून घरकामाच्या मावशींना द्यायचा म्हणतोय. कपाटात काकांची बावीस वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं आहेत, चौकटी-चौकटीत काहीबाही लिहिलेलं. दर कोजागरीला बिल्डिंगच्या गच्चीवर तेच दूध आटवायचे, त्याचं प्रमाणही कुणाकडे नाही. पप्पा बोलेनासे झालेत. माझा नऊ वर्षांचा मुलगा काकांशी बुद्धिबळ खेळायचा, त्याने पट उचलून कपाटावर टाकलाय. मला काकांची आठवण नीट ठेवायची आहे. झाड लावू? पुस्तिका काढू? आणि मुळात हे करायचा मला हक्क आहे का?" — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

हक्काचं आधी बघू, ते लवकर उरकतं. सुतक, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध हे घरच्यांचं. त्यात तुम्हाला बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर रुसायचं नाही. आठवणीला मात्र गोत्र लागत नाही. पुन्हा कुणी 'तुम्ही कोण' विचारलं तर "त्यांच्या मित्राची मुलगी, सायकल मला त्यांनी शिकवली" एवढं सांगा. वस्तूंवर मात्र हक्क काकू आणि दादाचा. त्या घरातल्या कशाचीही प्रत तुमच्याकडे, मूळ त्यांच्याकडे. मूळ वस्तू त्यांनी आपणहून हातात ठेवली तरच घरी आणायची. हे दादाला पहिल्याच फोनवर सांगितलंत तर पुढची निम्मी अवघड बोलणी टळतात.

आता कामाचं. झाड आणि पुस्तिका तुम्ही पत्रात सर्वात आधी विचारलीत, पण त्यांना अजिबात घाई नाही. घाई आहे ती फोनची, रद्दीवाल्याची आणि पप्पांची.

फोन. तो फॉरमॅट होऊ देऊ नका, निदान दिवाळीपर्यंत. दादाला 'आठवण म्हणून' हे कारण दिलंत तर तो हो म्हणेल आणि विसरून जाईल. व्यवहाराचं कारण द्या: बँक, पेन्शन, गॅस, वीजबिल यांचे ओटीपी अजून त्याच नंबरवर येत असणार. शिवाय कुलूप न उघडता फॉरमॅट केलेला अँड्रॉइड फोन सुरू करताना जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो माहीत नसेल तर मावशींच्या हाती नुसती वीट पडते. प्रीपेड सिम तीनेक महिने अजिबात वापरात नसलं तर बंद होऊ शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. म्हणून सगळी खाती काकूंच्या नंबरवर जाईपर्यंत रिचार्ज चालू ठेवा आणि सिम एखाद्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवा. व्हॉट्सॲपचं खातं तर १२० दिवस वापरात नसलं की पुसलं जातं. आषाढापासून मोजा, फार दिवस हातात नाहीत.

फोन उघडून काय घ्यायचं? फोटो, व्हिडिओ, आवाजाची रेकॉर्डिंग आणि संपर्कांची यादी. यादी विसरू नका, पुढे पुस्तिकेसाठी माणसं तिथूनच सापडतील. काकांची चॅट मात्र तुम्ही उघडू नका. दादाने उघडली तर त्याची मर्जी. गेलेल्या माणसाचंही खासगी असतं, आणि तिथे न वाचलेलं बरं असं काही ना काही प्रत्येकाच्या फोनमध्ये निघतं.

तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही काका आहेत, हे लोक विसरतात. त्यांचे आवाजी निरोप व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमध्ये 'व्हॉइस नोट्स' नावाखाली पडलेले असतात. फायलीच्या नावात फक्त तारीख, शेवटी 'ओपस', त्यामुळे कुठला निरोप कशाचा ते सहा महिन्यांनी तुम्हालाही कळणार नाही. आजच ऐकत ऐकत नावं बदला: तारीख, मग दोन शब्द, 'गणपतीला या', 'मिसळ कुठे खायची'. ओपस फाइल साध्या प्लेअरमध्ये उघडली नाही तर व्हीएलसीमध्ये उघडते. एमपीथ्री करून घ्या, पण मूळ फाइल टाकू नका. चॅट एक्सपोर्ट करताना मीडियासह घेतली तर अलीकडचे सुमारे १०,००० मेसेजच येतात. रोज सकाळी 'सुप्रभात'चं फूल पाठवणारे काका असतील तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. जे निरोप तेव्हा डाउनलोड केले नव्हते ते आता बहुधा उतरणार नाहीत. पप्पांच्या फोनमध्ये, बिल्डिंगच्या ग्रुपवाल्यांकडे विचारा. प्रती तीन ठेवा: कॉम्प्युटरवर, गूगल ड्राइव्हवर आणि एका पेनड्राइव्हवर. नुसत्या पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, वापराविना पडून राहिलेले पेनड्राइव्ह न सांगता मरतात.

जाता जाता एक. नंबर पुढे कुणाला मिळाला की तुमच्या फोनमध्ये 'काका' या नावाखाली एखाद्या अनोळखी पोराचा गॉगलवाला फोटो येतो. आवाज आणि चॅट काढून घेतलीत की त्या नंबराचं नाव बदलून ठेवा, नाहीतर तो धक्का भलत्याच वेळी बसतो.

आता कॅलेंडरं. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली सर्वात मोलाची वस्तू हीच आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. घर आवरताना सर्वात आधी रद्दीत जातं ते छापील आणि जुनं. पासबुकं वाचतात, दागिने वाचतात, कॅलेंडरं किलोवर जातात. दादाला 'काकांची काही आठवण मिळेल का' असं मोघम विचारू नका. मग काय द्यायचं हे ठरवायचा भार त्याच्यावर पडतो आणि तो एखादी शाल काढून देतो. नेमकं लिहा: "दादा, कपाटातली जुनी कॅलेंडरं रद्दीत घालू नकोस. आधी तू बघ. तुला ठेवायची असतील तर मी फक्त फोटो काढून परत देते, नको असतील तर मी नेते."

बावीस वर्षं गुणिले बारा, म्हणजे २६४ पानं. उलटणं, सपाट करणं, फोटो, एखाद्या बारीक चौकटीचा जवळून दुसरा फोटो, असं पानामागे दोन मिनिटं धरा. पावणेनऊ तास होतात. एका दिवसात संपवायला गेलात तर शेवटची सात-आठ वर्षं हलकी आणि तिरपी येतील, म्हणून चार रविवार ठेवा. जमिनीवर पांढरी चादर, बाजूला खिडकी, सकाळचा दहा-अकराचा उजेड, पण ऊन थेट पानावर नको आणि फ्लॅश तर नकोच, चकचकीत छपाईवर पांढरा डाग येतो. फोन पानाला समांतर धरा, चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. कागदपत्रं स्कॅन करणारं ॲप वापरत असाल तर त्यातलं काळं-पांढरं सेटिंग बंद ठेवा. ते पेन्सिलीची फिकी अक्षरं 'घाण' समजून पुसून टाकतं, आणि निळी शाई कुठे, लाल कुठे, तेही जातं. लाल कशासाठी वापरायचे हे पुढे काकूंना विचारायचंय.

कॅलेंडरांना लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि खालचं अक्षर सोबत नेते. वरची पत्र्याची पट्टी गंजली असली तरी ओढून काढू नका, पान फाटतं. घडी घालू नका, सपाट ठेवा, जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळून. माळा टाळा, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही टाळा. पावसाळ्यात ओल तिथूनच येते आणि ओलीमागून कसर.

फोटो काढून झाले की खरं काम सुरू होतं. 'गॅ', 'दू ५', 'पं.ए. ४० मि.', 'चि. आली' हे वाचणारं माणूस आज तुमच्याकडे आहे, दहा वर्षांनी नसेल. 'गॅ' म्हणजे गॅस सिलिंडर लागला हे कुणीही सांगेल. 'पं.ए.' म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसला उशीर, हे फक्त त्या दिवशी गाडीत असलेला सांगेल. एक वही घ्या, डावीकडे खूण, उजवीकडे अर्थ. आणि ती वही घेऊन पप्पांसमोर बसा.

पप्पांना 'बोला, मन मोकळं करा' म्हणू नका. त्या पिढीच्या पुरुषाला या वाक्याचं काय करायचं ते कळत नाही. त्यांना काम द्या. "पप्पा, २००९ च्या मार्चमध्ये काकांनी इथे काय लिहिलंय, मला लागत नाही" या प्रश्नाला उत्तर असतं, आणि उत्तरामागून बाकीचं येतं. प्रश्न वस्तूंचे आणि वेळेचे विचारा: पाळी किती वाजता सुटायची, डब्यात कुणाचं काय असायचं, बिटको चौकात उतरल्यावर चहा कुठे, पहिली स्कूटर कुणी घेतली आणि मागे कोण बसायचं. 'ते कसे होते' हा प्रश्न शेवटपर्यंत विचारू नका. त्याला 'देवमाणूस' एवढंच उत्तर मिळतं आणि ते कुणालाही लागू पडतं.

बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. छताचा पंखा बंद, तो कानाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंग खाऊन टाकतो. फोन एअरप्लेन मोडवर, दुमडलेल्या नॅपकिनवर, त्यांच्यापासून दीड-दोन वीत अंतरावर. थेट टेबलावर ठेवलात तर कपबशीचा प्रत्येक आवाज हातोड्यासारखा येतो. सुरुवातीला तुम्हीच तारीख आणि कोण बोलतंय ते सांगा. चाळीस मिनिटांच्या वर नको. पप्पा मध्येच गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, वीस सेकंद थांबा. बहुतेकदा त्यानंतरचं वाक्यच ठेवण्यासारखं असतं. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. नंतर सगळं उतरवून काढायची गरज नाही. 'बाराव्या मिनिटाला स्कूटर, सव्विसाव्याला संप' अशी ओळींची यादी फाइलसोबत ठेवली की पुरे.

त्या मिस्ड कॉलबद्दल. तुमचं पत्र तीनदा वाचलं तर तीनदा तिथेच अडखळायला होतं, म्हणजे तुम्हीही तिथेच अडकलेल्या आहात. काकूंना सरळ विचारा, "काकांनी मला फोन केला होता, कशासाठी काही कळलं का?" आणि या वर्षीच्या कॅलेंडरात त्या तारखेची चौकट बघा. रोज लिहिणारा माणूस होता, काही असलं तर तिथे असेल. 'आंबे' लिहिलेलं असेल, 'लाईट बिल' असेल, कदाचित चौकट कोरी असेल. कोरी असली तरी तेही उत्तरच आहे: लिहून ठेवावं असं त्या दिवशी काही नव्हतं. तुम्ही रविवारी भेटणार होतात आणि ते त्यांनाही माहीत होतं.

कोजागरीच्या दुधाकडे येऊ. तुमच्याकडे बावीस आश्विन पौर्णिमा लिहून ठेवलेल्या आहेत! त्या चौकटी आधी काढा. 'दू ५' असेल तर पाच लिटर. त्या वर्षी माणसं किती होती हे बिल्डिंगमधले सांगतील. साखर, सुकामेवा यांच्या खुणा नसतील तर एक साधारण प्रमाण घेऊन काकूंसोबत एकदा लहान पातेल्यात करून बघा, आणि 'काकांचं याहून गोड असायचं की कमी, वेलची जास्त की जायफळ' असं विचारत जा. 'अंदाजाने टाकायचे' म्हणणाऱ्या माणसाला चमचा हातात दिला की त्याचा हात आठवून सांगतो. फक्त डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा, फरक म्हणजे प्रमाण.

सुरुवातीला हे घ्या: म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध पाच लिटर, साखर ३५० ते ४०० ग्रॅम, बदाम ७५ ग्रॅम, पिस्ते आणि चारोळी ५० ग्रॅम प्रत्येकी, केशर अर्धा ग्रॅम, वेलदोडे बारा-पंधरा, जायफळ पाव. जाड बुडाचं पातेलं पाण्याने विसळून तसंच ओलं ठेवा आणि मग दूध ओता, म्हणजे ते तळाला कमी धरतं. मध्यम आचेवर पाच लिटरचं पावणेचार लिटर व्हायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. उलथनं तळाला टेकवून ढवळायचं, नुसती साय फिरवत बसायचं नाही. साखर सगळ्यात शेवटी, शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातली तर दूध बुडाला पटकन लागतं आणि लागलेला वास कुठल्याही केशराने झाकत नाही. समजा लागलंच, तर तळ न खरवडता वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात काढा. केशर कोमट दुधात वीस मिनिटं भिजवून मग घालायचं. जायफळ गॅस बंद केल्यावर, किसून, आणि हात आखडता ठेवून. जास्त झालं की कडवट लागतं. दीडशे मिलिलिटरचे पंचवीस पेले होतात.

यंदा गच्चीवर करायचं का? काकूंना विचारा आणि त्या काय म्हणतील ते आधीच ठरवून जाऊ नका. वर्षाच्या आत काही नको म्हणाल्या तर नको. त्यांच्या स्वयंपाकघरात लिटरभर दूध, तुम्ही, पप्पा आणि मुलगा, तेवढंही चालतं. गच्ची पुढच्या वर्षी.

मुलाचं. पट खाली काढू नका, 'खेळ, काका वरून बघतायत' असलं काही सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलाला ते गेले, परत येणार नाहीत, हे सरळ शब्दांत कळलेलं बरं. 'झोपले' म्हटलं की काही मुलं झोपायला घाबरतात. काकांकडचा पट आणि सोंगट्या अजून त्यांच्याच घरी असतील तर काकूंच्या परवानगीने एखादी सोंगटी त्याला निवडू द्या. एक, सगळा संच नाही. मुलं बहुधा वजीर उचलत नाहीत. हरवलेल्या प्याद्याऐवजी ठेवलेलं शर्टाचं बटण उचलतात.

काकूंसाठी 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य बंद करा. त्या सांगणार नाहीत. ठरलेला वार आणि ठरलेलं काम: दर गुरुवारी संध्याकाळी येणार, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून देणार, अर्धा तास बसणार. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते, दोन महिन्यांनी बेल वाजत नाही. तुमची खरी गरज आत्ता आहे. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं का, हे दादाला एकदा विचारा, आणि सुरू झालं असेल तर नोव्हेंबरात काकूंचा हयातीचा दाखला द्यावा लागेल, ती तारीख तुमच्याही कॅलेंडरात लिहा. तो राहिला की पैसे अडकतात. त्यांच्याकडे यंदा फराळ होणार नाही, तो शेजारपाजारून आणि आप्तांकडून जातो. तुमचा डबा धनत्रयोदशीच्या आधी पोचवा. चकल्या कमी, मऊ लाडू जास्त.

पुस्तिका वर्षश्राद्धाच्या सुमाराला काढा, आधी नको. लोकांकडून 'दोन शब्द' मागवू नका, एका प्रसंगावर दीडशे शब्द मागा आणि तारीख द्या. पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत, म्हणून २४ किंवा ३२. वाचणारे सत्तरीचे आहेत, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. पन्नास प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते. मजकूर युनिकोडमध्ये देताय हे छापणाऱ्याला सांगा आणि छापण्याआधी पीडीएफ ओळ न् ओळ वाचा, कारण जुन्या डीटीपीत जोडाक्षरं फुटतात आणि नेमकी आडनावांत फुटतात. जुन्या अल्बममधले चिकटलेले फोटो ओढू नका, शिवणाचा दोरा फोटोखालून सरकवत सोडवा. तेही जमत नसेल तर पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयला.

झाडाबद्दल आमचं मत थोडं कडू आहे. नावाची पाटी ताजी आणि खाली वाळकी काडी, हे दृश्य शहरात कमी नाही. लावायचंच तर पुढच्या पावसाळ्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर, पाच-सहा फूट उंचीचं रोप, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, बहावा किंवा करंज, वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघून. सार्वजनिक जागा असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. पण आधी फेब्रुवारी ते मे, तीन उन्हाळे, आठवड्याला पंधरा लिटर पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तर झाड नको. काकांची पुस्तकं द्यायची असतील तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं, पण पोती घेऊन दारात जाऊ नका. लेखक, नाव, साल अशी यादी आधी न्या, त्यांना हवी ती ते सांगतील.

रामकुंडावर जावंसं वाटलं तर जा, हात जोडा. फोटो, चष्मा, काठी असलं काही गोदावरीत सोडू नका.

आणि या वर्षाचं कॅलेंडर, जे अजून काकूंच्या भिंतीवर आहे, त्याला हात लावू नका. ते आषाढाच्याच पानावर असेल तर तसंच राहू द्या. तुमच्या २६४ पानांत ते धरलेलंच नाही. एखाद्या गुरुवारी तुम्ही जाल तेव्हा पान उलटलेलं दिसेल आणि एखाद्या चौकटीत वेगळ्या हाताने 'गॅ' लिहिलेलं असेल. त्याचा फोटो तेव्हाही लगेच काढू नका. आधी चहा घ्या.